अर्लेकिनो आणि आपला सोंगाड्या

शिंदखेड्याहून बोलतोय. आज आपल्याला इटलीला जायचंय, पण आधी तापीचा पूल ओलांडून सारंगखेड्याला जाऊ.

लहानपणी आजोबा मला तिथल्या यात्रेला न्यायचे. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोडेबाजार आणि रात्री तमाशाचा तंबू. गण, गवळण, बतावणी, मग वग. एका रात्री राजा-राणीचा जुना वग, तर दुसऱ्या रात्री हुंड्यावरचा नवा. मला मात्र लक्षात राहिला सोंगाड्या. भर दरबारात, राजासमोर, तो कापसाच्या भावावर बोलायचा आणि सगळा तंबू हसायचा.

पुढे कॉलेजात असताना मोबाईलवर एक इटालियन नाटक बघितलं. भाषा कळेना, पण हसू थांबेना. ठिगळांच्या रंगीत कपड्यातला एक भुकेला नोकर दोन मालकांची चाकरी एकाच वेळी करतो आणि दोघांनाही पत्ता लागू देत नाही. म्हटलं, अरे, हा तर आपला सोंगाड्या!

त्याचं नाव अर्लेकिनो. इटलीत सोळाव्या शतकापासून फिरत्या नाटकमंडळ्या होत्या. कंजूष म्हातारा व्यापारी, पोकळ पंडित, हुशार मोलकरीण, लबाड नोकर, ही पात्रं ठरलेली. कथेचा सांगाडा तेवढा हातात, बाकी संवाद जागच्या जागी. आपल्या बतावणीसारखंच. कार्लो गोल्डोनी या व्हेनिसच्या नाटककाराने १७४५ मध्ये अशाच एका नटासाठी हे दोन मालकांचं नाटक रचलं. आधी बराचसा सांगाडाच होता. काही वर्षांनी त्याने सगळे संवाद लिहून काढले, आणि म्हणून ते टिकलं.

आता १९४७ वर या. युद्धात होरपळलेल्या मिलान शहरात ‘पिकोलो तेआत्रो’ सुरू झालं. इटलीतलं हे पहिलं सार्वजनिक खर्चाने चालणारं कायमचं नाट्यगृह. जागा कोणती? जिथे फॅसिस्टांच्या टोळीने लोकांचा छळ केला होता, तीच इमारत. मे महिन्यात गॉर्कीच्या नाटकाने पडदा उघडला आणि जुलैत अर्लेकिनो आला. पुढच्या हंगामांत शेक्सपियर आले, ब्रेख्त आला, पण अर्लेकिनो गेला नाही. फेर्रुच्चो सोलेरी या एकाच नटाने ती भूमिका जवळजवळ सहा दशकं केली.

आणि त्याच १९४०च्या दशकात आपल्याकडे काय झालं? मुंबई सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण आधी संहिता तपासून घ्या, या अटीवर. बघा हं, गोल्डोनीने संवाद लिहिले तेव्हा नाटक जपलं गेलं. आपल्या सोंगाड्याला संवाद लिहायला लावले ते तपासणीसाठी. सोंगाड्या तोच, फक्त त्याच्याकडे बघणारे डोळे वेगळे.

इटलीने पुढे काय केलं तेही ऐका. १९६९ मध्ये मिलानच्या पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून पिनेल्ली नावाचा रेल्वे कामगार मेला. पुढच्याच वर्षी दारिओ फो यांनी त्यावर हसवणारं आणि अंगावर येणारं नाटक केलं. कोर्टातल्या नव्या बातम्या येतील तसे ते संवाद बदलत गेले. हेच तर बतावणीत होतं! १९९७ मध्ये फो यांना साहित्याचं नोबेल मिळालं, आणि जुन्या विदूषकांसारखी सत्तेची खिल्ली उडवतात म्हणून नोबेल समितीने त्यांचं कौतुक केलं.

आपला हंगाम आजही दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. बतावणी आजही बरीचशी तोंडीच आहे. म्हातारा सोंगाड्या गेला की त्याच्यासोबत तीही जाते.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावात कोणी जुना सोंगाड्या असेल, तर त्याच्याकडे जा. चहा घ्या, परवानगी विचारा, मगच मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा. आणि मधे बोलू नका भो, त्याला बोलू द्या.

भेटू पुढच्या भागात. राम राम!