प्रकाशाची जुळणी

तंबोरा एकदां जुळविला म्हणजे मैफल संपेपर्यंत निश्चिंत राहावें, असें कोणताही गवई म्हणणार नाहीं. उष्णतेनें तार उतरते आणि गातां गातांच खुंटी पिळावी लागते. काचेच्या तंतूंतून जाणाऱ्या संदेशांचीही कथा अशीच आहे.

इ. स. १८८० मध्यें अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व चार्ल्स टेंटर यांनीं वॉशिंग्टन शहरांत सूर्यकिरणांवरून मनुष्याचा आवाज पाठविला. बोलण्यानें पातळ आरसा थरथरे व दूर पोंचणारा प्रकाश कमीअधिक होई. पुढें १८९१-९२ मध्यें लुडविग झेंडर व लुडविग माख यांनीं एक किरण दुभंगून, दोन वाटांनीं नेऊन पुन्हा एकत्र आणणारें यंत्र योजिलें. दोन्ही लाटा जुळल्या तर उजेड, विरुद्ध पडल्या तर काळोख. १८९३ च्या सुमारास फ्रीड्रिख पॉकेल्स यांनीं विजेच्या दाबानें कांहीं स्फटिकांतील प्रकाशाची गति बदलते, ह्या गोष्टीचा अभ्यास केला.

१९६६ मध्यें चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं शुद्ध काचेचा तंतु दूरवर संदेश नेऊं शकेल, असें दाखविलें, तेव्हां ह्या जुन्या शोधांचें सार्थक झालें. लिथियम नायोबेट स्फटिकांतच दोन वाटा करून त्यांस विजेचा दाब देण्यांत येऊं लागला. संदेश चढविण्यापूर्वीं यंत्र ज्या स्थिर दाबावर बसवितात, त्यास बायस म्हणतात. केवळ उजेड कमीअधिक करावयाचा तर तो अर्ध्या उजेडावर ठेवतात. परंतु लाटेची कलाही वाचणाऱ्या कोहेरंट पद्धतींत तो पूर्ण काळोखाच्या बिंदूवर लागतो. म्हणजे त्याच्या एका बाजूस लाट सुलटी व दुसऱ्या बाजूस उलटी निघते.

अडचण एवढीच कीं, हा बिंदु स्थिर राहत नाहीं. तपमान बदलतें, स्फटिकांत विद्युद्भार हळूहळू सरकतात, आणि कालचा योग्य दाब आज चुकीचा ठरतो. मग संदेशांत चुका शिरतात.

ह्यावर उपाय गवयाचाच आहे. दाबावर अतिशय सूक्ष्म, सावकाश कंप चढवून निघणाऱ्या प्रकाशाचा थोडा अंश तपासतात. बिंदु अचूक असेल तर प्रकाशांत मूळ कंप उमटत नाहीं, दुप्पट कंपसंख्येचा तेवढा उमटतो. बिंदु ढळला कीं मूळ कंप दिसूं लागतो, व कोणत्या बाजूस ढळला हेंही कळतें. त्याप्रमाणें दाब आपोआप सुधारला जातो. आजच्या कोहेरंट यंत्रांत असे सहा दाब एकाच वेळीं सांभाळावे लागतात.

विजेच्या अल्प स्पर्शानें बदलणें हा ह्या यंत्राचा गुण, व तोच त्याचा दोष. तो दोष नाहींसा करण्यापेक्षां त्यावर अखंड नजर ठेवणें, हेंच येथें शहाणपण ठरलें.