असईचे नाव समुद्रावर

समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या आपल्या जालना जिल्ह्याचा आरमाराच्या इतिहासाशी संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. या भूमीस ना बंदर, ना गोदी. तथापि जुने सरकारी ग्रंथ आणि आरमारविषयक ग्रंथ शेजारी ठेवून वाचू लागलो, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील एक गाव दोहोंतही भेटते. केळणा व जुई या नद्यांच्या दुआबातील असई हे ते गाव होय.

23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी जनरल आर्थर वेलस्ली याची येथे लढाई झाली. शिंद्यांच्या तोफखान्याने व कवायती पायदळाने असा निकराचा मारा केला की, इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. अखेरीस मराठ्यांचा पराभव झाला व त्यांच्या बहुतेक तोफा शत्रूच्या हाती पडल्या. त्याच वर्षी 30 डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगाव येथे तह होऊन शिंद्यांना इतर मुलखाबरोबर भडोचवरही पाणी सोडावे लागले. कोरड्या रानात हरलेल्या युद्धाने एक बंदर गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे अर्धशतकाने हेच नाव समुद्रावर गेले. 1854 साली मुंबईच्या गोदीत कंपनीच्या आरमारासाठी एक मोठी सागवानी, चाकांची आगबोट बांधून पाण्यात सोडण्यात आली. तिचे नाव ‘असई’. जिंकलेल्या रणांगणांची नावे जहाजांस देण्याची इंग्रजांची रीतच होती. ज्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली देशी सुतार व लोहार पिढ्यानुपिढ्या राबले, तेथेच देशी सत्तेच्या पराभवाचे हे स्मारक तयार व्हावे, हा दैवदुर्विलास नव्हे काय? 1856-57 च्या इराणवरील स्वारीत या जहाजाने बुशायरवर तोफा डागल्या. 1863 मध्ये ते आरमारच मोडण्यात आले. ‘असई’ विकली गेली आणि 1865 साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली.

हे सारे आपणास कळते ते ग्रंथांमुळे. त्या आरमारात स्वतः चाकरी केलेल्या चार्ल्स रॅथबोन लो याने 1877 साली त्याचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. मुंबई गोदी व वाडिया घराणे यांवरील रु. अ. वाडिया यांचा ग्रंथ 1955 साली निघाला. 1908 च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये असईची स्वतंत्र नोंद आहे. युद्धकाळचा इंग्रजी पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या ‘पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहार’ या मालेच्या दहाव्या खंडात 1951 साली छापला गेला. शिवाय गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे 45 खंड त्याच सरकारने 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध केले. त्यांत खुद्द मराठी कारभाऱ्यांची लेखणी बोलते.

या ग्रंथांचे ऋण आम्ही मानतोच. परंतु सरकारी ग्रंथ लिहिणारा सरकारच्या डोळ्यांनी पाहतो, हे विसरून चालणार नाही. लो याच्या दृष्टीने ‘असई’ हे अभिमानाचे नाव. आपणास ते जखमेचे नाव आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ लावावयाचे, तर दोन्ही बाजूंचे कागद जवळ हवेत. विजेत्यांनी आपले कागद जपले, छापले आणि त्यांच्या सूचीही केल्या. आपल्या घरांतील सनदा, वतनपत्रे, वह्या व बखरी मात्र वाळवीच्या स्वाधीन होत आहेत.

1 मे 1981 रोजी आपला जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला. आता त्याच्या इतिहासाची साधने गोळा करण्याचा भार आपल्यावरही आहे. ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने माळ्यावरील दप्तर एकदा उतरवावे, मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावे आणि त्याची एक नक्कल मंडळाकडे द्यावी. मूळ कागद घरीच राहू द्यावा. असईचे नाव समुद्रावर परक्यांनी नेले. असईच्या मुलखाची हकीकत लिहिण्याचे काम तरी आपल्या हातून घडावे.