लिव्हरपूल बंदराच्या दोन सनदा

इंग्लंडचा राजा जॉन यानें ता. २८ ऑगस्ट १२०७ रोजीं मर्सी नदीच्या मुखाजवळील लिव्हरपूल या खेड्यास नगराचे हक्क देणारी सनद करून दिली. त्यानंतर सुमारें ८०० वर्षांनीं, सन २००४ मध्यें, युनेस्कोनें त्याच नगराचा गोदीभाग ‘सागरी व्यापारी नगर’ या नांवानें जागतिक वारशांत दाखल केला. पहिली सनद नगराच्या अभिमानाचा विषय होऊन राहिली आहे. दुसरी जुलै २०२१ मध्यें खालसा झाली. सनदा खालसा होण्याचा प्रकार आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु पडत्या बंदरानें आपला इतिहासच भांडवल म्हणून वापरला असतां काय होतें, यावर या प्रकरणानें बराच प्रकाश पडतो.

या नगराचें ऐश्वर्य गोद्यांत होतें. टॉमस स्टीअर्स यानें बांधलेली पहिली गोदी १७१५ मध्यें सुरू झाली. तिचे दरवाजे लावले म्हणजे आंतील पाणी ओहोटीबरोबर उतरत नसे व गलबतें निवांत रिकामीं होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांच्या व्यापारांत ब्रिटनमध्यें या बंदराचा क्रमांक पहिला होता. तो व्यापार १८०७ मध्यें कायद्यानें बंद झाला. पुढें कापूस हा मुख्य आधार ठरला. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत (१८६१-६५) मुंबईचे व्यापारी लिव्हरपूलच्या भावाकडे डोळे लावून बसत, आणि युद्ध संपून भाव कोसळतांच मुंबईंत केवढा हाहाकार झाला हें प्रसिद्धच आहे.

१९३१ सालीं आठ लाखांवर असलेली वस्ती २००१ मध्यें ४ लाख ४० हजारांच्या आसपास आली. व्यापाराचें तोंड अटलांटिककडून युरोपकडे वळलें. माल कंटेनरमधून येऊं लागल्यावर हजारों हमालांचें काम थोड्या यंत्रांवर भागूं लागलें. जुलै १९८१ मध्यें टॉक्स्टेथ भागांत दंगे झाले. त्याच वर्षीं सरकारनें गोदीकांठाच्या पुनर्रचनेसाठीं विकास मंडळ नेमलें होतें.

यापुढील भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. जेसी हार्टले याच्या हातची अॅल्बर्ट गोदी (१८४६) वीट, दगड आणि ओतीव लोखंड यांची; आगीच्या भयानें वखारींच्या सांगाड्यांत लांकूड मुद्दाम टाळलेलें. मोठ्या जहाजांस ती पुरेना, म्हणून १९७२ मध्यें बंद पडली व गाळानें भरली. ती पाडण्याच्याहि योजना झाल्या होत्या. मंडळानें गाळ काढला, पाणी परत आणलें, आणि १९८८ मध्यें कलासंग्रहालयासह ती समारंभानें उघडण्यांत आली. २००८ मध्यें नगरास युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला. येथवर जुनें राखून नवें नांव कमावलें गेलें. २००७ मध्यें याच गोदींत गुलामगिरीचें संग्रहालय निघालें, हेंहि नमूद केलें पाहिजे. नुसती जाहिरात करणारा दप्तरांतील असला कागद बहुधा बाहेर काढीत नाहीं.

पुढें उत्तरेकडील ओस गोद्यांवर उंच इमारती उठविण्याची योजना निघाली, तेव्हां युनेस्कोनें २०१२ मध्यें हें स्थळ धोक्याच्या यादींत घातलें. त्यांत ब्रॅमली-मूर गोदी (१८४८) बुजवून फुटबॉलचें क्रीडांगण करण्याचें ठरलें, आणि समितीनें १३ विरुद्ध ५ मतांनीं नांव काढून टाकलें. क्रीडांगण २०२५ मध्यें सुरू झालें.

ओस गोद्यांवर पोट भरत नाहीं, हा तेथील लोकांचा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. शिवाय बुजविणें ही तेथील जुनीच चाल आहे. स्टीअर्सची गोदी नगरवासीयांनींच १८२६ मध्यें बंद करून बुजविली; २००१ मधील उत्खननांत तिच्या भिंती सांपडल्या, आणि त्या नव्या बाजारपेठेखालीं पाहावयास मिळतात. तेव्हां बुजविलेली गोदी नष्टच झाली असें आम्ही म्हणत नाहीं. ती बासनांत बांधलेल्या दप्तरासारखी आहे. परंतु एक गोदी दुसरीशीं कशी जोडलेली होती हें ज्यावरून डोळ्यांस कळे, तो उघड्या पाण्याचा सलग विस्तार बासनांत बांधतां येत नाहीं. समितीनें स्थळाच्या अखंडतेवरच बोट ठेवलें होतें. म्हणून तिचा निर्णय कठोर असला तरी आम्हांस रास्त वाटतो. ब्रॅमली-मूरचा जुना जलदाब-यंत्राचा मनोरा मात्र क्रीडांगणाच्या आवारांत दुरुस्त करून राखला आहे.