गाडी पास झाली, म्हणजे नक्की काय झालं?

परवा रात्री एका मित्राचा फोन. आवाजावरूनच कळलं की स्वारी हवेत आहे. "अरे, जर्मन गाडी मिळतेय. नऊ वर्षांची, डिझेल, दिल्लीची. मूळ किमतीच्या पाव भागात! नवीन हॅचबॅकच्या पैशात सनरूफ, एअर सस्पेन्शन, सगळं. घेऊ का?"

मी म्हटलं, "शनिवारपर्यंत टोकन देऊ नकोस." आणि फोन ठेवल्यावर मला माझे स्वतःचेच प्रताप आठवले. तर मंडळी, या वीकेंडचा विषय तोच. पण नमनाला घडाभर तेल घालायची आपली सवय असल्यामुळे सुरुवात गाडीपासून नाही, बिअरच्या कारखान्यातल्या बॉयलरपासून.

१८६५ सालचा जानेवारी महिना, जर्मनीतलं मानहाइम शहर. तिथल्या एका ब्रुअरीतला वाफेचा बॉयलर फुटला. एक माणूस गेला, काही जखमी झाले. त्या काळात बॉयलर फुटणं ही नवलाची गोष्ट नव्हती. कारखाने धडाधड उभे राहत होते आणि वाफेच्या दाबाचं गणित सगळ्यांनाच जमत होतं असं नाही. पण मानहाइमच्या कारखानदारांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६६ मध्ये, एक शहाणपणाचं काम केलं. सरकारची वाट न बघता स्वतःच एक संघ काढला. वर्गणी भरायची, संघाचा इंजिनिअर येऊन बॉयलर तपासणार, दोष असेल तर तोंडावर सांगणार. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला असा प्रयोग दहाएक वर्षं आधी सुरू झाला होताच. जर्मनीत गावोगावी असे संघ निघाले, आणि सभासदांना हळूहळू सरकारी तपासणीतून सूटही मिळू लागली. कारण सरकारी माणसापेक्षा हे लोक बॉयलर जास्त बारकाईने बघत.

पुढे लिफ्ट आल्या, वीज आली, मोटारी आल्या. धोकादायक यंत्र दिसलं की "बोलवा त्या बॉयलरवाल्यांना" असा प्रकार झाला. १९०९ मध्ये जर्मनीत मोटारींचा स्वतंत्र कायदा आला, तोवर गाड्या आणि ड्रायव्हर तपासायचं काम बऱ्याच ठिकाणी याच संघांकडे आलेलं होतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना नवं नाव मिळालं. त्याचा अर्थ "तांत्रिक देखरेख संघ", आणि त्याची आद्याक्षरं म्हणजे टीयूव्ही, जर्मन उच्चार "ट्यूफ". आज तपासणी डेक्राने केली तरी लोक म्हणतात "ट्यूफ करून आणली". आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो ना, तसंच.

गाड्यांची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी सुरू झाली १ डिसेंबर १९५१ पासून. यातली गंमत बघा. कायदा झाला, पण गाडी तपासायला आणायची कोणी? कचेरीतून मालकाला बोलावणं जायचं, तेव्हा तो येणार. गाड्या वाढत गेल्या आणि ही पद्धत कोलमडली. यावर तोडगा निघाला १९६१ मध्ये. तो तोडगा म्हणजे नंबरप्लेटवर चिकटवायचा एक छोटा गोल बिल्ला. वर्षानुसार रंग बदलतो, मधे वर्षाचा आकडा, आणि कडेच्या बारा आकड्यांपैकी जो सगळ्यात वर असेल तो महिना. मुदत कधी संपते हे रस्त्यावरच्या पोलिसाला लांबूनच दिसणार! डेटाबेस नाही, नेटवर्क नाही, तरी सगळी सिस्टीम रिअल टाइम. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हा बिल्ला फार आवडतो. आपण असतो तर आधी एक पोर्टल काढलं असतं :-)

इंग्लंडची गोष्टही मजेशीर आहे. तिथे तपासणी आली सप्टेंबर १९६० मध्ये, आणि तीही फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना. ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंग एवढंच बघायचे. इतक्या गाड्या नापास झाल्या की वर्षभरात मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. म्हणजे तपासेपर्यंत कोणाला पत्ताच नव्हता की आपण कशात बसून हिंडतोय.

आता माझ्याकडे येतो. साधारण बारा वर्षांपूर्वी मी स्टुटगार्टला ऑनसाईट होतो. तिथे नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते. जुन्या गाडीच्या जाहिरातीत म्हणूनच दोन शब्द हमखास असतात: "ट्यूफ नॉय". बिल्ला ताजा आहे, दोन वर्षं बघायला नको! मी एका छोट्या विक्रेत्याकडून अशीच नऊ वर्षांची एक भलीमोठी आलिशान सेदान घेतली. ६,८०० युरो. (मेक सांगत नाही, दोष तिचा नव्हताच.) बिल्ल्यावर बावीस महिने शिल्लक. जूनमध्ये आई-बाबा येणार होते, त्यांना आल्प्समध्ये फिरवायचं होतं. फोटो काढून घरी पाठवले.

बाबा कराडला ट्रकच्या गॅरेजमध्ये मेस्त्री होते. फोनवर म्हणाले, "कोणी बघितली का खालून?"

मी ऐटीत सांगितलं, "बाबा, इथं जर्मनीत पासिंग झालंय तिचं."

ते म्हणाले, "पासिंग झालं म्हणजे त्या दिवशी झालं. आमच्याकडं पासिंगला टायर उसने आणायचे लोक. पासिंग झालं की संध्याकाळी परत."

मला तेव्हा हसू आलं होतं. दोन महिन्यांनी सकाळी खाली आलो तर गाडी मागच्या बाजूने उंटासारखी बसलेली! एअर सस्पेन्शनच्या दोन्ही रबरी पिशव्या चिरलेल्या, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळालेला. अंदाजपत्रक २,९०० युरो. मी रागारागाने तपासणीचा रिपोर्ट काढून पहिल्यांदा नीट वाचला. त्यात कुठेही खोटं लिहिलेलं नव्हतं. ब्रेक, दिवे, स्टीअरिंग, टायर, चॅसीचा गंज, धूर, सगळं तपासलेलं होतं आणि ठीक होतं. त्या दिवशी गाडी सरळ उभी होती, म्हणून पास. "पुढे किती खर्च येईल" हा प्रश्न त्या माणसाला कोणी विचारलाच नव्हता.

इथेच सगळी मेख आहे. तपासणी जन्माला आली ती बॉयलर फुटून शेजारचा मरू नये म्हणून. बॉयलरच्या मालकाचा खिसा वाचावा म्हणून नव्हे. टायमिंग चेन ढिली आहे, गिअरबॉक्स झटके देतोय, टर्बो थकलाय, हे तिच्या कक्षेतच येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, सेफ्टीचे टेस्ट केस पास झाले म्हणून मेंटेनन्स स्वस्त पडेल असं थोडंच आहे?

टीयूव्ही दरवर्षी या तपासण्यांचा मॉडेलवार निकाल छापते. साधारण पाचातली एक गाडी मोठ्या दोषामुळे पहिल्या फेरीत नापास होते, आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे दिवे, ब्रेक, सस्पेन्शन आणि तेलगळती. आलिशान गाड्यांत याला वजनाची फोडणी मिळते. दोन टनांचं धूड म्हटल्यावर कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि ब्रेक डिस्क लवकर झिजणारच. झेनॉन दिव्यांना युरोपात आपोआप पातळी साधणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे आहेत, त्यामुळे एवढ्याशा फवाऱ्याचा पंप बंद पडला तरी दोष लागतो.

याच यादीत पोर्शे ९११ अनेक वर्षं वरच्या जागांवर राहिली आहे. वाचून वाटतं, व्वा, महाग गाडी म्हणजे टिकाऊ गाडी! पण जरा थांबा. ९११ बहुतेकांची दुसरी-तिसरी गाडी असते, रविवारी बाहेर निघते, आणि मालक तपासणीआधी ती कारागिराकडे दाखवून आणतो. म्हणजे हा आकडा निम्मा गाडीचा आणि निम्मा मालकाचा. तिसऱ्या मालकाकडे गेलेली, परवडत नसताना घेतलेली मोठी सेदान ही वेगळीच गोष्ट. गाडीची किंमत नऊ वर्षांत पाव होते, सुट्या भागांची मात्र कमी होत नाही. हे एक वाक्य मला ६,८०० युरोंना पडलं!

आणि आता तर दोष खालून दिसतातच असं नाही. मर्सिडीजने २००१ मध्ये एसएलमध्ये आणि मग २००२ च्या ई-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेक आणला. पेडल आणि ब्रेक यांच्यामध्ये चक्क सॉफ्टवेअर! मे २००४ मध्ये त्यापायी ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मार्च २००५ मध्ये ब्रेक आणि इतर इलेक्ट्रिकल भागांसाठी मिळून १३ लाख. २००६ मध्ये ई-क्लासमधून ती सिस्टीम गेली. ज्या गाड्यांत ती राहिली त्यांत पेडल किती वेळा दाबलं याची मोजणी होते आणि ठरावीक आकड्यानंतर डॅशबोर्डवर इशारा येतो. अशा गाड्यांसाठी तपासणीही बदलली. जुलै २०१५ पासून जर्मनीत तपासनीस गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला एक ॲडॉप्टर जोडून सेन्सरची माहिती वाचतात. हातोडीपासून डेटापर्यंत दीडशे वर्षं लागली.

आणि आपल्याकडे? १९९५ पासून पुण्यात मर्सिडीज जोडल्या जाताहेत, पण खासगी गाडीला नोंदणीची १५ वर्षं पुरी होईपर्यंत फिटनेस तपासणीच नाही. तोवर पीयूसी, बास. २०१५ मधला हरित लवादाचा आदेश आणि २०१८ मधला सुप्रीम कोर्टाचा निर्णय यांमुळे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत चालवणं अवघड झालं, आणि तिथल्या आलिशान गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. माझ्या मित्राची नऊ वर्षांची गाडी म्हणजे जिच्याखाली आजवर कुठलाही तटस्थ माणूस वाकलेला नाही अशी गाडी.

असो. माझ्या गाडीचं पुढे काय झालं? आई-बाबा आले. बाबा पहिल्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून तिच्याखाली शिरले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "लोखंड चांगलंय." आल्प्सला आम्ही रेल्वेने गेलो. त्याच आठवड्यात एक विद्यार्थी गाडी बघायला आला. मी आदल्या रात्री जुगाड करून मागची बाजू वर उचलून ठेवली होती. तो पोरगा बिल्ला बघून खूश. वीस महिने बाकी! बाबांना जर्मन येत नव्हतं, पण त्याचं बोट बिल्ल्यावर बघून ते मला हळूच म्हणाले, "सांगितलंस का त्याला?"

नव्हतं सांगितलं. मग सांगितलं. पोरगा आभार मानून निघून गेला. महिन्याभराने एका गॅरेजवाल्याने सगळं माहीत असताना १,९०० ला नेली. रात्री बाबांनी विषय काढला नाही, फक्त ताटातली शेवटची पोळी माझ्या ताटात टाकली.

तर शनिवारी मित्राबरोबर मी जातोय. गाडी रॅम्पवर चढवायची, थंड इंजिन स्वतः सुरू करायचं, स्कॅनर लावायचा, सर्व्हिस रेकॉर्ड मागायचं आणि रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी ती किती बसते ते बघायचं. विक्रेता रात्रभर ठेवायला नाही म्हणाला, तर उत्तर तिथेच मिळालं. सतरंजी मी घेतली आहे.