निकोल्स, सर डग्लस राल्फ
(९ डिसेंबर १९०६ – ४ जून १९८८). ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमधील ख्यातनाम आदिवासी खेळाडू, धर्मोपदेशक व दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचा राज्यपाल. न्यू साउथ वेल्स राज्यातील मरी नदीकाठच्या कमरागंजा या आदिवासी वसाहतीत, योर्टा योर्टा जमातीत त्याचा जन्म झाला. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या बहिणीला पोलिसांनी बळाने नेऊन कूटामंड्रा येथील मुलींच्या सरकारी वसतिगृहात ठेवले. तरुणपणी त्याने मेंढ्यांच्या कुरणांवर मजुरी केली.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा लंबवर्तुळाकार मैदानावर, प्रत्येकी १८ खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो व त्यात चेंडू हाताने झेलण्याची मुभा असते. उंच खेळाडूंना अनुकूल अशा या खेळात सु. १५७ सेंमी. उंचीच्या निकोल्सने वेग व उसळी यांच्या बळावर नाव मिळविले. १९२७ मध्ये मेलबर्नच्या कार्लटन संघात त्याला वर्णद्वेषामुळे स्थान मिळाले नाही. त्यानंतर तो नॉर्थकोट संघाकडून खेळू लागला. या संघाने १९२९ मध्ये अजिंक्यपद पटकाविले. १९३२ ते १९३७ या काळात फिट्झरॉय संघातर्फे तो ५४ सामने खेळला. तेथे प्रारंभी तो एकटाच बाजूला बसत असे. प्रसिद्ध खेळाडू हेडन बंटन याने त्याच्याशी स्नेह जोडला. १९३५ मध्ये त्याची व्हिक्टोरियाच्या राज्यसंघात निवड झाली.

खेळातून लाभलेली प्रतिष्ठा त्याने आपल्या समाजाच्या कारणी लावली. फिट्झरॉयमधील आदिवासी चर्चचा तो पाद्री झाला. १९५७ मध्ये व्हिक्टोरियात स्थापन झालेल्या ‘ॲबोरिजिन्स ॲडव्हान्समेंट लीग’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी तो एक होय. आदिवासींची जनगणनेत नोंद व्हावी व त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेस मिळावा, यासाठी १९६७ मध्ये सार्वमत घेण्यात आले. त्याच्या प्रचारात निकोल्सने भाग घेतला. ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी अनुकूल कौल दिला.

१९७२ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. हा बहुमान मिळविणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन आदिवासी होय. १ डिसेंबर १९७६ रोजी तो राज्यपाल झाला. तथापि प्रकृती ढासळल्याने ३० एप्रिल १९७७ रोजी त्याने पद सोडले. मूरुप्ना येथे त्याचे निधन झाले. त्याचे दफन कमरागंजा येथेच करण्यात आले. ज्या खेळात त्याला एकेकाळी वर्णामुळे डावलण्यात आले, त्याच खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेतील आदिवासींच्या गौरवार्थ होणाऱ्या फेरीस २०१६ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.