परीचं धुराडं आणि मऊ दगड

आजचा भाग तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाबद्दल. बलूनचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मला बोलायचंय ते बलूनखालच्या दगडाबद्दल.

लाखो वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखींनी राखेचे थरावर थर टाकले. राख घट्ट होऊन टफ नावाचा मऊ दगड झाला. काही ठिकाणी त्यावर कठीण दगडाचा थर बसला. मग पाऊस, वारा आणि बर्फाने मऊ भाग झिजवला, आणि उरले डोक्यावर टोपी घातलेले सुळके. तुर्कीत त्यांना ‘पेरी बाजासी’ म्हणतात, म्हणजे परीचं धुराडं. हो, ‘पेरी’ म्हणजे आपलीच परी. दोन्ही भाषांनी शब्द फारसीतून घेतलाय.

आपल्याकडे वेरूळची लेणी कोरली ती कठीण बेसाल्टमध्ये. इथला टफ साध्या हत्यारांनीही कोरता येतो. चौथ्या शतकात इथल्या कैसरियाचा, म्हणजे आजच्या कायसेरीचा बिशप होता बेसिल. साधूंनी एकेकटं न राहता एकत्र राहावं, काम करावं, असं तो सांगायचा. पुढे या दऱ्यांमध्ये मठ आणि चर्च कोरली गेली. गोरेमेमधली गाजलेली भित्तिचित्रं मात्र बरीचशी दहाव्या-अकराव्या शतकातली. तिथल्या ‘अंधाऱ्या चर्च’मध्ये उजेड जेमतेम येतो, म्हणूनच रंग टिकले. संकट आलं की लोक जमिनीखाली जायचे. देरिनकुयूच्या भुयारी शहरात जात्यासारखे गोल दगड आहेत. ते आतून सरकवले की वाट बंद!

मग १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकांची अदलाबदल ठरवली. निकष धर्माचा. इथले कितीतरी ख्रिश्चन घरात तुर्कीच बोलायचे, फक्त लिहायचे ग्रीक अक्षरांत. तरीही त्यांना ग्रीसला जावं लागलं. ज्या देशाची भाषाच येत नाही, तो म्हणे तुमचा देश! हे वाचताना मी बराच वेळ अडकलो होतो.

आणि दगडही कुणासाठी थांबत नाही. झेल्वे गावात कडे कोसळू लागले, म्हणून १९५२ मध्ये तिथल्या लोकांना हलवलं. ज्या मऊपणामुळे घर कोरता आलं, त्यानेच घर गेलं. १९८५ पासून गोरेमे जागतिक वारसा यादीत आहे, पण झीज चालूच आहे.

कधी गेलात तर एवढंच करा, चित्रांना हात लावू नका. भेटू पुढच्या भागात.