वाणी, मनसुख

(२० फेब्रुवारी १९२५ – ११ एप्रिल २०२०). भारतीय वंशाचे अमेरिकन कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. वनस्पतींतील कर्करोगविरोधी संयुगांवरील संशोधनाकरिता प्रसिद्ध. मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी कॅम्प्टोथेसिन व टॅक्सॉल ही संयुगे शुद्ध स्वरूपात वेगळी करून त्यांची संरचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल हे स्तनाच्या कर्करोगावरील एक प्रमुख औषध ठरले. कॅम्प्टोथेसिन वर्गातील औषधेही पुढे त्या रोगावर वापरात आली. कॅम्प्टोथेसिन भरपूर देणारा नरक्या हा लहान वृक्ष पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या घाटमाथ्यासह सह्याद्रीत वाढतो.

जीवन : वाणी यांचा जन्म नंदुरबार येथे झाला. हे गाव तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबईच्या भवन्स महाविद्यालयात अध्यापन केले. १९५८ मध्ये ते अमेरिकेला गेले व इंडियाना विद्यापीठातून कार्बनी रसायनशास्त्रातील पीएच. डी. पदवी मिळवून १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत दाखल झाले. तेथील वनस्पति-रसायन विभाग वॉल यांनी उभारला होता. दोघांनी जवळजवळ चार दशके एकत्र काम केले.

कॅम्प्टोथेसिन : हे संयुग कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षापासून मिळाले. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासायचा आणि जो भाग गुणकारी ठरेल तेवढाच पुढे शुद्ध करत न्यायचा, अशी कामाची पद्धत होती. शुद्ध संयुगाच्या आयोडीनयुक्त अनुजाताचे स्फटिक क्ष-किरणांनी तपासून १९६६ मध्ये संरचना प्रसिद्ध झाली. एकमेकांना जोडलेली पाच वलये आणि त्यांपैकी टोकाचे लॅक्टोन वलय, अशी तिची घडण आहे.

हे संयुग पाण्यात विरघळत नाही. म्हणून पहिल्या रुग्णचाचण्यांत त्याचा सोडियम क्षार वापरण्यात आला. क्षार करताना लॅक्टोन वलय उघडते व रेणूची परिणामकारकता फार घटते. लघवी आम्लधर्मी असल्याने मूत्राशयात तेच वलय पुन्हा मिटते, आणि रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी या चाचण्या थांबल्या. अखंड लॅक्टोन वलय आणि त्याच्या शेजारचा हायड्रॉक्सिल गट यांच्याविना गुण येत नाही, हे वाणी व वॉल यांनी अनेक अनुजाते तयार करून दाखवले. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एंझाइमावर कॅम्प्टोथेसिन आघात करते, हे १९८५ मध्ये कळले आणि संयुगाकडे पुन्हा लक्ष गेले. टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या अनुजातांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

टॅक्सॉल : अमेरिकेच्या वायव्य भागातील टॅक्सस ब्रेव्हिफोलिया या सूचिपर्णी वृक्षाची साल १९६२ मध्ये गोळा करण्यात आली. तिच्यातून गुणकारी घटक वेगळा करण्याचे काम वाणी व वॉल यांच्याकडे आले. सुमारे १२ किग्रॅ. वाळलेल्या मालातून अर्धा ग्रॅम टॅक्सॉल हाती लागले. रेणू मोठा व गुंतागुंतीचा असल्याने त्याची संरचना सरळ उलगडेना. तेव्हा सौम्य विक्रियेने त्याचे दोन तुकडे करण्यात आले : एक नायट्रोजनयुक्त लहान एस्टर आणि दुसरा अनेक वलयांचा गाभा. दोन्ही तुकड्यांच्या अनुजातांची संरचना क्ष-किरणांनी निश्चित करून मूळ जोडणी ठरवण्यात आली. हा शोधनिबंध १९७१ मध्ये जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पेशी विभागताना सूक्ष्मनलिका तयार होतात आणि काम झाल्यावर मोडतात. टॅक्सॉल त्या मोडू देत नाही, त्यामुळे विभाजन अडते व पेशी मरते. हा उलगडा सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये केला. औषधाचा पुरवठा ही मोठी अडचण होती, कारण साल सोलली की झाड मरते. युरोपीय टॅक्सस बॅकाटा वृक्षाच्या पानांत मिळणाऱ्या संयुगापासून टॅक्सॉल बनवण्याच्या अर्धसंश्लेषण पद्धतीने ती दूर झाली.

स्तनाच्या कर्करोगावरील उपयोग : पॅक्लिटॅक्सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टॅक्सॉलला अमेरिकेत १९९२ मध्ये बीजांडकोशाच्या आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर मान्यता मिळाली. कॅम्प्टोथेसिनचा या रोगावरील उपयोग बऱ्याच नंतरचा आहे. त्यात कर्कपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला कॅम्प्टोथेसिन वर्गातील संयुग जोडतात, म्हणजे ते मुख्यत्वे त्या पेशींपर्यंत पोहोचते. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनला २०१९ मध्ये, तर सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकॅनला एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. यांतले दुसरे औषध ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात दिले जाते. या प्रकारात हार्मोनविरोधी आणि एचईआर-२ विरोधी उपचार लागू पडत नाहीत.

नरक्या : शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या ग्रंथांत मॅपिया फोएटिडा असे नाव आढळते. अमृता या नावानेही तो ओळखला जातो. फुले फिकट पिवळसर व दुर्गंधी असून फळे पिकल्यावर जांभळी-काळी होतात. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी या वृक्षात कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. चिनी वृक्षापेक्षा त्याचे प्रमाण यात बरेच अधिक असते. त्यामुळे पश्चिम घाटातून लाकूड व मुळ्या काढून मोठ्या प्रमाणावर निर्यात झाली. साल व मुळ्यांसाठी संपूर्ण झाड तोडले जात असल्याने अनेक ठिकाणी त्याची संख्या घटली. भोर व राजगड तालुक्यांच्या पश्चिम कडेचे भरपूर पावसाचे जंगल हा त्याचा नैसर्गिक अधिवास आहे. लागवड आणि ऊतिसंवर्धन हे जंगलातील झाडांवरचा ताण कमी करण्याचे मार्ग आहेत.

सन्मान : वाणी व वॉल यांना २००० मध्ये चार्ल्स एफ. केटरिंग पारितोषिक मिळाले. दोन्ही संयुगांच्या शोधाबद्दल अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये त्यांच्या संस्थेला राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक स्थळाचा मान दिला. वाणी यांचे वयाच्या ९५व्या वर्षी निधन झाले.